माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळे रिकामे होतात. पितळेची भांडी घासूनपुसून पुन्हा वर जातात, रद्दी दुकानात जाते, आणि कोपऱ्यात पडलेला पिवळट सीपीयू, डबाभर सीडी, बंद पडलेले दोन-तीन मोबाइल, कुणाचं तरी मेमरी कार्ड भंगारवाल्याच्या गाडीवर चढतं. काटा लागतो, पैसे हातात पडतात, माळा मोकळा होतो. महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक मराठी घराला माझी हात जोडून विनंती आहे: यंदा ते सामान गाडीवर चढवण्याआधी उघडून पाहा. त्यात एखादा छोटा खेळ असेल, हसवणारा व्हिडिओ असेल, कुणीतरी ईमेलने पाठवलेली हलती चित्रं असतील, मित्राने ब्लूटूथवरून दिलेली क्लिप असेल. ती बाहेर काढा, जपा आणि नावानिशी इतरांना द्या. हे काम पुढच्या वर्षीवर टाकण्यासारखं राहिलेलं नाही.

कशासाठी एवढी तातडी, ते सांगतो.

साधारण १९९८ ते २०१२ या काळात ज्यांचं बालपण किंवा कॉलेज गेलं, त्यांना सायबर कॅफे आठवत असेल. तासाला दहा-वीस रुपये मोजायचे, निकाल बघायचा किंवा फॉर्म भरायचा, आणि उरलेली मिनिटं एखाद्या खेळात घालवायची. हेलिकॉप्टर बोगद्यातून न्यायचं, पेन्सिलीने ओढलेल्या रेघेवरून छोट्या माणसाची घसरगाडी सोडायची, नाहीतर मांड्या आणि पोटऱ्या वेगवेगळ्या हलवून धावपटूला कसंबसं दोन पावलं पुढं न्यायचं. रेघेचा तो खेळ म्हणजे ‘लाइन रायडर’. स्लोव्हेनियातल्या बोश्त्यान चादेझ या विद्यार्थ्याने तो २००६ मध्ये केला. धावपटूचा ‘क्वॉप’ २००८ चा, बेनेट फॉडी यांचा. या खेळांची जाहिरात कुणी केली नव्हती. शेजारच्या खुर्चीवरच्या पोराने पत्ता सांगितला, आपण तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चौघांना सांगितला. एवढ्या बळावर हे खेळ जगभर गेले.

यातले बहुतेक खेळ फ्लॅशमध्ये केलेले होते. ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ या नावाने १९९६ मध्ये आलेलं सॉफ्टवेअर त्याच वर्षी मॅक्रोमीडिया कंपनीने घेतलं, त्याचं नाव फ्लॅश ठेवलं, आणि २००५ मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. फ्लॅश चित्राचा एकेक ठिपका साठवत नसे. रेषा कुठून निघते, कशी वळते, कोणता रंग भरायचा एवढंच गणित साठवत असे. त्यामुळे सगळा खेळ काहीशे केबीत मावायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत येणाऱ्या इंटरनेटवरही उतरायचा. शिवाय तो करण्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नव्हती. चित्र काढता येणारा, थोडा हट्टी असा शाळकरी मुलगासुद्धा सुट्टीत एखादा खेळ उभा करायचा. टॉम फल्प यांच्या ‘न्यूग्राउंड्स’सारख्या ठिकाणी अशा हौशी पोरांचं काम हजारोंनी जमा झालं.

मग दिवस फिरले. २००७ मध्ये आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हतं. फ्लॅशमध्ये सुरक्षेची भोकं वरचेवर सापडत होती. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने ते बंद करण्याची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार काढून घेतला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून कॉम्प्युटरवर आधीच असलेल्या फ्लॅश प्लेअरनेही काही दाखवायला नकार दिला. वीस-पंचवीस वर्षांचं काम एका तारखेला पडद्यामागे गेलं. बातमी आली तेव्हा आपल्याकडे तिची फारशी चर्चा झाली नाही. महामारीचे दिवस होते, माणसं दुसऱ्याच काळजीत होती.

तरीही बरंच काही वाचलं. त्याचं श्रेय घरी बसून फुकट राबणाऱ्या माणसांना जातं, म्हणूनच मी हे आवाहन एवढ्या विश्वासाने करतो आहे. ‘फ्लॅशपॉइंट’ नावाचा उपक्रम २०१८ च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केला. जगभरचे स्वयंसेवक त्याला येऊन मिळाले आणि त्यांनी दीड लाखाहून जास्त खेळ व ॲनिमेशन गोळा केली. काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. पुष्कळ खेळांना त्यांच्या निर्मात्यांनी कुलूप घातलेलं असे: खेळ आपल्या मूळ संकेतस्थळावर आहे असं त्याला दिसलं तरच तो सुरू व्हायचा. म्हणून या मंडळींनी तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर चालवण्याची युक्ती काढली. खेळ पत्ता विचारतो, सर्व्हर त्याला जुनाच पत्ता सांगतो, आणि खेळ उघडतो. दुसरीकडे ‘रफल’ नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. ते फ्लॅशची भाषा आजच्या ब्राउझरला समजावून देतं, त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे फ्लॅश बंद पडायच्या काही आठवडे आधी, ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने रफलच्या मदतीने जुनी ॲनिमेशन आणि खेळ आपल्याकडे चालते करून ठेवले.

मग आता आपण काय करायचं राहिलं? पुष्कळ राहिलं आहे. मोठे खेळ एका फाइलीत नसत. पहिली पातळी संपली की दुसरी पातळी सर्व्हरवरून यायची, तिसरी तिसरीकडून. सर्व्हर बंद झाले तेव्हा कितीतरी खेळांचं पहिलं पान वाचलं आणि पुढचं सगळं गेलं. हे हरवलेले तुकडे कुठे सापडू शकतात? कुणीतरी २००७ मध्ये आवडला म्हणून उतरवून ठेवलेल्या फोल्डरमध्ये. संगणकाच्या मासिकासोबत आलेल्या सीडीवर. एमएस-सीआयटीच्या एखाद्या केंद्रात, कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या मशीनमध्ये, जिथे सरांनी पोरांसाठी वीस-पंचवीस खेळ एका फोल्डरमध्ये टाकून ठेवले होते. या फाइलींच्या नावाच्या शेवटी एसडब्ल्यूएफ ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. कॉम्प्युटरच्या शोधखान्यात एवढीच अक्षरं घाला. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि आपल्याकडचं काम परदेशातल्या स्वयंसेवकांना सापडेल या भरवशावर राहू नका. मुंबईतल्या ‘गेम्स टू विन’ने ‘बॉम्बे टॅक्सी’ नावाचा खेळ केला होता. आपली काळी-पिवळी शहराच्या रस्त्यातून न्यायची, जागेवर लावायची. रिलायन्सच्या ‘झपाक’वर खेळांची रांग होती. क्रिकेटचे तर किती छोटे-छोटे खेळ निघाले, त्याची मोजदाद कुणाकडे नाही. विश्वचषक आला की चार नवे निघायचे आणि स्पर्धा संपली की पान काढून टाकलं जायचं. यातल्या काही खेळांची नावं पोलंडच्या किंवा कॅनडाच्या स्वयंसेवकाच्या कानावर कधी पडणारच नाहीत. ती आपल्याला ठाऊक आहेत. शोधायचं तर आपणच.

खेळ, गमतीचे व्हिडिओ, चमत्कारिक पानं, यांत जपण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. मला हा प्रश्न गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण तो आपल्या देशात पूर्वी एकदा विचारला गेला आहे आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. भारतात सुमारे १,३०० मूकपट तयार झाले; त्यातले आज जेमतेम तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत, उरले आहेत. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत हाती नाही. त्या काळी सिनेमा ही करमणूक होती, खेळ उतरला की रीळ निरुपयोगी. फिल्मवरच्या लेपात चांदी असते म्हणून रिळं चांदीसाठी विकली गेली. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, गोदामं आणि घरं धुंडाळून जे मिळेल ते आणलं, म्हणून फाळकेंचं काम आज आपण थोडंफार पाहू शकतो. आज जुन्या मदरबोर्डमधलं सोनं आणि तांबं काढण्यासाठी हार्ड डिस्कसकट सगळं फोडलं जातं. नव्वद वर्षांपूर्वी चांदीपायी जे झालं तेच आज सोन्यापायी होत आहे, आणि या वेळी ते होत असताना आपण इथे आहोत.

शिवाय गंमत म्हणून केलेल्या गोष्टींतूनच पुढच्या गोष्टी निघालेल्या दिसतात. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. जिने चढून जायचं आणि भांडं रिकामं निघायचं, हा त्रास वाचावा एवढाच हेतू. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरची माणसं एका अनोळखी कॉफीच्या भांड्याकडे बघत बसली. जगातला पहिला वेबकॅम तो. २००१ मध्ये कॅमेरा बंद केला, तेव्हा ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं आणि आज ते कुठे आहे हेही नोंदलेलं आहे. त्या भांड्याला जपणारं कुणी मिळालं. पण १९९८ मध्ये कॅनडातल्या एका कला-विद्यार्थिनीने नाचणाऱ्या हॅम्स्टरांच्या रांगाच रांगा लावून एक पान केलं होतं, मागे वेग वाढवलेलं गाणं, बस्स. ऑफिसं आणि कॉलेजं त्याने वेडी केली. ते पान सुरुवातीला जिओसिटीजवर होतं. याहूने २६ ऑक्टोबर २००९ ला जिओसिटीज बंद केलं, आणि लाखो लोकांनी हाताने सजवलेली पानं पुसली जायला लागली. ‘आर्काइव्ह टीम’ नावाच्या हौशी गटाने रात्रंदिवस उतरवून त्यातला मोठा भाग वाचवला. पुढे २०१९ मध्ये मायस्पेसवरची सुमारे बारा वर्षांची गाणी सर्व्हर हलवताना गेल्याचं त्या कंपनीने मान्य केलं, तेव्हा त्यातलं फारच थोडं वाचलेलं होतं. आकडा पाच कोटी गाण्यांच्या घरातला होता.

प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये जुन्या पानांची तपासणी केली. २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. यात बातम्या, सरकारी पानं सगळंच आलं. ज्याच्यामागे संस्था आहे, पगारी माणूस आहे, त्याची ही अवस्था असेल तर एखाद्या पोराने सुट्टीत केलेल्या खेळाचं काय होत असेल?

आता मराठीकडे येतो, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे.

२००६ ते २०१२ च्या सुमारास आपल्या तालुक्याच्या गावातून इंटरनेट फिरलं ते तारेतून कमी आणि मेमरी कार्डातून जास्त. मोबाइलच्या दुकानात जायचं, दहा-वीस रुपये द्यायचे, आणि दुकानदार कार्ड ‘भरून’ द्यायचा: गाणी, रिंगटोन, जावाचे खेळ, हसवणाऱ्या क्लिपा. थ्रीजीपी नावाच्या प्रकारातल्या त्या क्लिपा काडेपेटीएवढ्या पडद्यासाठी केलेल्या, आज बघितलं तर चेहरे धड दिसत नाहीत. पण त्यांतला आवाज ऐका. हॉलिवूडच्या हाणामारीच्या प्रसंगावर वऱ्हाडी संवाद चढवलेले आहेत. कार्टूनमधला उंदीर मालवणीत भांडतो आहे. अहिराणीत कुणीतरी फोनवर कस्टमर केअरच्या मुलीशी हुज्जत घालतो आहे. हे कुणी लिहून काढलं नाही, छापलं नाही, आकाशवाणीने ध्वनिमुद्रित केलं नाही. खेड्यातल्या चार मित्रांनी एका खोलीत बसून, एका हेडफोनच्या माइकवर केलं आणि ब्लूटूथने सोडून दिलं. त्या वर्षांतली बोली, त्या वयाच्या पोरांच्या तोंडची, तिच्यातल्या शिव्यांसकट आणि लडिवाळपणासकट, अशी नैसर्गिक बोललेली दुसरीकडे कुठे मिळेल, मला सांगा. बोलींचा अभ्यास करणाऱ्यांना पुढे ही सामग्री लागणार आहे. आणि अभ्यास बाजूला ठेवला तरी ते हसू आपलं आहे. तेवढं कारण मला पुरतं.

यातल्या फार थोड्या क्लिपा यूट्यूबपर्यंत पोचल्या. पोचल्या त्यांच्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. बाकीच्या त्या कार्डांमध्ये आहेत, आणि कार्डं वापरात नाहीत. मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह माहिती विजेच्या भाराच्या रूपात धरून ठेवतात. वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं की तो भार हळूहळू गळतो. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने, उष्णतेने उतरतो. मुंबईत आणि कोकणात दमट हवेने सीडीवर बुरशी धरते. हार्ड डिस्क फिरवलीच नाही तर तिचे सांधे अडकू शकतात. म्हणजे सामान माळ्यावर सुरक्षित आहे असं समजण्यातही अर्थ नाही. तिथे ते मरत आहे, फक्त सावकाश.

सावकाश मरणाचीही वाट पाहावी लागत नाही, हे २९ जून २०२० ला दिसलं. त्या दिवशी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदीच्या कारणांबद्दल इथे मला काही म्हणायचं नाही. मला त्या व्हिडिओंबद्दल म्हणायचं आहे. शेतात काम करणारे नवरा-बायको, ऊसतोडीला गेलेली पोरं, साठी उलटलेल्या आज्या, बस डेपोतले कंडक्टर, यांनी तिथे दोन-अडीच वर्षं भन्नाट गमती केल्या होत्या. नाटकात, मालिकेत ज्यांना कधी जागा मिळाली नसती त्यांना पंधरा सेकंदांची रंगभूमी मिळाली होती. एका संध्याकाळी ती गेली. ज्यांनी मूळ व्हिडिओ फोनमध्ये ठेवले होते त्यांचं काम उरलं. ज्यांनी जागा वाचवायला पुसून टाकले त्यांचं, निदान त्यांच्यापुरतं, गेलं. तो फोन अजून तुमच्याकडे असेल, काच फुटलेला, बॅटरी फुगलेली, तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. बॅटरी बदलून एकदा चालू करून घ्या आणि त्यातलं सगळं उतरवा. फुगलेल्या बॅटरीला घरी हात लावू नका, चार्जिंगलाही लावू नका.

आता ‘शेअर करा’ म्हणजे काय करा, ते नीट सांगतो, कारण आपण शेअर तर रोजच करतो. सकाळी उठल्यापासून फॉरवर्ड चालू असतात. पण एखादा व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून पाठवला की तो आकसतो, धूसर होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे दहा हात फिरल्यावर त्याच्यावरचं नाव गळून पडतं. कुणी केला, कुठल्या गावात, कधी, हे कुणालाच कळत नाही. मग एखादा शहाणा त्यावर स्वतःचा शिक्का मारतो आणि खऱ्या माणसाला त्याच्याच विनोदाची फॉरवर्ड येते. आपण हे थांबवू शकतो. मूळ दुवा मिळत असेल तर व्हिडिओऐवजी दुवा पाठवा. पाहणाऱ्यांची मोजणी, ज्याने तो केला त्याच्या खात्यावर पडू द्या. फाइलच पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे ती दाबली जात नाही. आणि खाली एक ओळ लिहा: अमुक गावच्या अमुक मुलांनी केलेलं, अंदाजे अमुक साली, मला अमक्याकडून मिळालं. ठाऊक नसेल तर ‘करणाऱ्याचं नाव माहीत नाही, कुणाला माहीत असल्यास सांगा’ असं लिहा. दहातल्या एका वेळी तरी कुणीतरी सांगतंच. हीच ओळ उद्या त्या गमतीचा जन्मदाखला ठरेल.

एखादं मजेशीर पान सापडलं, कुणी केलेला शब्दखेळ, कोडं, विचित्र संग्रह, तर इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये त्याचा पत्ता टाका आणि पान जतन करण्याचं बटण दाबा. खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत. ही संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केली आणि तिच्याकडे आता अब्जावधी पानं आहेत, पण तुमच्या तालुक्यातल्या शिक्षकाने मुलांसाठी केलेलं पाढ्यांचं खेळपान तिच्या यंत्राला आपोआप सापडेलच असं नाही. तुम्ही दाखवलंत तर सापडेल. व्हिडिओ आणि फाइली तिथे चढवताही येतात. त्याचबरोबर एक प्रत घरी, एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. क्लाउडवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका: दोन वर्षं न उघडलेली खाती आतल्या फोटो-फाइलींसकट काढून टाकण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलं आहे. वारलेल्या माणसाचं खातं कोण उघडणार? घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनमधल्या गमती त्यांच्याच सोबत बसून आजच काढून घ्या. कुणी पाठवलं, तेव्हा कोण हसलं, हेही ती माणसं सांगतील.

जे करू नका, तेही तितक्याच कळकळीने सांगायला हवं. २००३ मध्ये कॅनडातल्या एका शाळकरी मुलाचा, त्याने एकट्याने काठी फिरवत केलेल्या लुटुपुटुच्या लढाईचा व्हिडिओ वर्गमित्रांनी त्याला न विचारता इंटरनेटवर टाकला. जग हसलं. त्या मुलाला शाळा सोडावी लागली, उपचार घ्यावे लागले. असं हसू जपण्याच्या लायकीचं नाही. दारू प्यालेला माणूस, पडलेली बाई, तोतरं बोलणारं पोर, परवानगीवाचून काढलेला कुणाचाही व्हिडिओ तुमच्या जुन्या कार्डात सापडला तर तो पुढे जाऊ देऊ नका, तिथेच पुसा. ज्यांनी हसवण्यासाठी स्वतः काही केलं त्यांचं काम जपायचं आहे. ज्यांच्यावर हसलं गेलं त्यांना सोडून द्यायचं आहे. शंका असेल तर त्या माणसाला शोधून विचारा. गावं एवढी मोठी नसतात.

दुसरी सावधगिरी फसवणुकीची. जुने खेळ खेळायला मिळतील या आशेने ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड करा’ असं सांगणाऱ्या पानावर काही दाबू नका. खरं फ्लॅश प्लेअर ॲडोबी आता देत नाही, त्या नावाखाली येतो तो बहुतेकदा व्हायरस. तसंच व्हॉट्सॲपवर कुणी खेळ म्हणून, लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल पाठवली तर ती उघडू नका आणि पुढे पाठवू नका. अशा फाइलींनी माणसांची बँक खाती रिकामी केली आहेत. जुना कॉम्प्युटर चालू कराल तेव्हा तो इंटरनेटला जोडू नका; त्याची हार्ड डिस्क काढून बाजारात मिळणाऱ्या यूएसबी अडॅप्टरने नव्या कॉम्प्युटरला लावणं अधिक चांगलं. आधी पूर्ण डिस्कची नक्कल करा, मग नकलेवर शोध घ्या. बँकेचे कागद, खासगी फोटो वेगळे काढा. ही मेहनत कॉलेजात शिकणाऱ्या पोराला एका रविवारात जमते, आणि अशी पोरं आता प्रत्येक वाड्यात, सोसायटीत आहेत.

त्या पोरांनाही माझं एक सांगणं आहे. तुम्ही खेळ करता, करत राहा, पण तो मागे उरेल असा करा. इटलीतल्या गॅब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या मुलाने मार्च २०१४ मध्ये ‘२०४८’ केला आणि त्याचा सगळा कोड खुला ठेवला. लोकांनी तो उचलला, बदलला, हजारो रूपं झाली. आता तो कुणी बंद करायचं म्हटलं तरी करता येणार नाही. २०२२ च्या जानेवारीत ‘वर्डल’ हा शब्दखेळ न्यूयॉर्क टाइम्सने घेतला, तेव्हाही लोकांनी पान उतरवून ठेवलं, कारण खेळ आणि त्याचे सगळे शब्द त्या एका पानातच होते. त्याच्या मागोमाग मराठीतही हौशी मंडळींनी शब्दखेळ केले. जोडाक्षरं आणि काना-मात्रा चौकटीत बसवताना त्यांनी जी डोकेफोड केली, ती दुसऱ्याला पुन्हा करावी लागू नये. कोड उघडा ठेवा, सोबत दोन पानं मराठीत लिहून ठेवा. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक सर्वांसाठी इंटरनेटवर मोफत ठेवले, म्हणून आज कुणाच्याही मुलीला आजोबांच्या काळातलं कोडं सोडवता येतं. तुमच्या खेळाचं असं व्हावं असं वाटत असेल तर त्याची सोय आज, तो चालू असतानाच, करावी लागते.

मोबाइल दुकानदारांनो, तुमच्याकडे सगळ्यात मोठा साठा आहे. ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही गावाची कार्डं भरत होता, त्याची डिस्क अजून टेबलाखाली असेल. सिनेमे आणि गाणी दुसरीकडे मिळतील. तुमच्या भागातल्या पोरांनी केलेल्या क्लिपांचं फोल्डर मिळणार नाही. तेवढं एक बाजूला काढा. सायबर कॅफे चालवलेल्यांनो, झेरॉक्सचं दुकान झालं असलं तरी मागच्या खोलीतली मशीनं एकदा चालू करून पाहा. एमएस-सीआयटीच्या सरांनो, मॅडम, तुमच्या लॅबमधला खेळांचा फोल्डर मुलांकडूनच तपासून घ्या, त्यांना आवडेल. ग्रंथालयांनो, गावातल्या माणसांना पेनड्राइव्ह आणून देता येईल असा एक दिवस ठेवा आणि काय आलं, कुणाकडून आलं, याची वही घाला. अमेरिकेत, आखातात, बंगळूरला राहणाऱ्या मराठी मंडळींनो, तुम्हाला गावाकडून ईमेलने आलेल्या त्या जड-जड हलत्या चित्रांच्या फाइली तुमच्या जुन्या मेलपेटीत अजून असतील. ती खाती एकदा उघडा, फाइली उतरवा आणि पाठवणाऱ्यालाच परत पाठवा; त्याच्याकडे त्या बहुधा नसतील.

भंगारवाला दारात आला असेल तर त्याला आठवडाभराने यायला सांगा. दरम्यान डिस्क सुरू होत नसेल, कटकट आवाज करत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी फॉर्मॅट मारू नका. कागदात गुंडाळून, वर साल आणि घरातल्या कुणी वापरली त्याचं नाव लिहून, कोरड्या कपाटात ठेवा आणि शहरात डेटा काढून देणारा माणूस शोधा. सीडी वाचली जात नसेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून पुसू नका, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एकाने नाकारलेली सीडी दुसरा पुष्कळदा वाचतो.